नर्स म्हणून जर्मनीला निघाले होते, हातात कागद आला शिकाऊ मुलीचा

जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत लागले तेव्हा मला १७ हजार पगार होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ सालीच शिफारस केली होती की ५० खाटांपेक्षा लहान हॉस्पिटलनेही नर्सला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नयेत. मला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं तर पुढचं काहीच कुणी सांगत नव्हतं. पोस्ट बेसिक बीएस्सी ही पुढची पदवी करू, सरकारी भरतीचा अभ्यास करू, की बाहेर जाऊ? आई-वडील लातूरकडे शेती करतात, आमच्या घरातली मी पहिलीच नर्स. इनचार्ज सिस्टरना विचारावं तर त्या एकट्या दोन वॉर्ड सांभाळायच्या.

अशात एका मैत्रिणीने मला एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. ग्रुप चालवणाऱ्या मॅडम सांगायच्या की त्याही नर्स होत्या आणि आता नवीन मुलींना मार्गदर्शन करतात. मी पहिला मेसेज नाइट ड्युटीत, पहाटे तीनला टाकला होता. सात नंबरच्या पेशंटचा इन्फ्युजन पंप सारखा वाजत होता, तो नीट करून आले तर त्यांचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आलेला. “बाळा, तू आयसीयू केलंयस, तुला स्वतःची किंमतच माहीत नाही.” हँडओव्हरच्या आधी बाथरूममध्ये जाऊन तो मी दोनदा ऐकला. दोन वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी एवढं बोललं नव्हतं. मी पैशाला भुलले असं सगळे म्हणतात, पण मी या आवाजाला भुलले.

सुरुवातीला त्यांनी सांगितलेलं बरंचसं खरंही होतं. जर्मनीत नर्सची गरज आहे, जर्मन भाषा बी१-बी२ या पातळीपर्यंत शिकावी लागते, रजिस्ट्रेशन चालू ठेव, अनुभवाचं पत्र घेऊन ठेव. म्हणूनच विश्वास बसला. वर्षभराच्या ‘मेंटॉरशिप’चे १५ हजार मी दिले. महिन्याभराने कागदपत्रांच्या भाषांतराचे ४० हजार. मग “जागा पक्की झालीय, आठ दिवसांत फाईलचे पैसे भर, नाहीतर दुसरीला देते” म्हणून १ लाख १० हजार. यासाठी आईने पाटल्या गावच्या पतसंस्थेत ठेवल्या. सगळे पैसे यूपीआयने, मॅडमच्या खासगी खात्यावर. पावती मागितली की म्हणायच्या, “घरच्यासारख्या मुलींना कसली पावती?”

आणि मी मूळ कागद दिले. तिन्ही वर्षांच्या मार्कशीट, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं. शिक्के मारायला लागतात, म्हणाल्या. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण कागद गेल्यावर मी खरी अडकले. नोकरी बदलायची तरी दाखवायला हातात काही नव्हतं, आणि वाद घातला तर कागद मिळणार नाहीत ही भीती. सहा महिने मी त्यांच्याशी गोडच बोलत राहिले.

जर्मनचा क्लास मात्र मी सोडला नव्हता, आणि त्यानेच डोळे उघडले. मॅडमकडून नोकरीचा करार आला तेव्हा माझी ए२, म्हणजे बी१ च्या आधीची पातळी चालू होती. पहिल्याच पानावर माझ्या नावाखाली ‘आउसत्सुबिल्डेंडं’ असा शब्द होता. शेजारच्या बाकावरच्या मुलीने वाचलं आणि म्हणाली, “अगं, तू तर शिकाऊ म्हणून चाललीयस.” आउसबिल्डुंग म्हणजे तिथलं तीन वर्षांचं नर्सिंगचं प्रशिक्षण, विद्यावेतनावर. बारावी झालेल्या मुलीला ही चांगली वाट आहे. पण जिचं जीएनएम झालंय, जिने व्हेंटिलेटरचे पेशंट सांभाळलेत, तिने पुन्हा पहिल्या वर्षाला का बसायचं? तिची वाट आहे आनएरकेनुंग, म्हणजे आपल्या शिक्षणाला मान्यता. आपण काय शिकलो ते तिथल्या राज्याचं कार्यालय तपासतं, कमी काय पडतं ते लेखी कळवतं, मग तेवढा पूरक अभ्यासक्रम किंवा परीक्षा. तोवर मदतनीस म्हणून काम करता येतं. हा शब्द मॅडमनी एकदाही उच्चारला नव्हता.

करारावर नोकरी देणारा म्हणून ज्या वृद्धाश्रमाचं नाव होतं, त्याचा ईमेल मी त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून शोधला आणि मोडक्या जर्मनमध्ये विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: आम्ही असा करार केलेला नाही. मॅडमना ते पाठवलं, तर मला ग्रुपमधून काढून टाकलं.

पोलिसांत लेखी तक्रार दिल्यावर तीन आठवड्यांनी कागद कुरियरने आले, बारावीची मार्कशीट दुमडलेली. पैसे आले नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण पैसे जाऊन महिने उलटले होते. ताबडतोब कळवलं तरच खात्यात रक्कम अडकवता येते. तुमचे आज गेले असतील तर आधी १९३० लावा, घरी काय सांगायचं ते नंतर बघू.

आता जे मला आधी कळायला हवं होतं ते. परदेशी नोकरी लावून देणाऱ्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि त्या परवान्याचा नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आपल्यालाच तपासता येतो. “लायसन्स प्रोसेसमध्ये आहे” म्हणजे लायसन्स नाही. परवाना असलेल्यालाही ३० हजार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि तेही पावती देऊन. शंका असेल तर प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा नंबर आहे. जर्मन सरकारचं ‘फेअर आनवेर्बुंग’ हे मानांकन ज्या संस्थांना आहे त्यांच्याकडे भरतीचा खर्च नोकरी देणारा करतो, नर्स नाही. केरळ सरकारच्या नोर्का रूट्स या संस्थेतून ‘ट्रिपल विन’ या जर्मनीतल्या नर्सभरतीच्या योजनेत मुली जातात, त्यांच्याकडूनही भरतीचे पैसे घेत नाहीत. जर्मन नॅशनल व्हिसाची फी ७५ युरो आहे. माझ्याकडून लाखावर घेतले होते.

परीक्षा न देता बी१ चं सर्टिफिकेट आणून देतो, असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. आमच्या ग्रुपमधल्या एकीने ३५ हजार देऊन ते घेतलं. आता खऱ्या परीक्षेला बसायचीही तिला भीती वाटते.

शेवटी मी इनचार्ज सिस्टरना सगळं सांगितलं. ड्युटी संपल्यावर कॅन्टीनमध्ये त्यांनी दीड तास दिला. त्यांची बॅचमेट सहा वर्षं जर्मनीत आहे, लगेच तिला फोन लावून दिला. एक रुपया लागला नाही. “आधी का नाही आलीस?” त्यांनी विचारलं. त्या नेहमी घाईत असतात म्हणून, हे मला त्यांच्या तोंडावर सांगता आलं नाही.

सध्या बी१ चालू आहे, मॅक्स म्युलर भवनची परीक्षा देणार आहे. आईच्या पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत, दर महिन्याच्या पाच तारखेला मी व्याज भरते.