डायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोप: यंत्र झकास, बल्बने मात्र वात आणला

पेशंट समोर, थेंब टाकून बाहुली मोठी केलेली, खोलीत अंधार, हातात डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) बघायचं हे यंत्र. आणि बल्ब गेला. नवा हॅलोजन मागितला तर डीलर म्हणतो, "डॉक्टर, तो आता येत नाही, एलईडीचं हेडच घेऊन टाका." एवढ्याशा बल्बापायी आख्खं हेड, म्हणजे यंत्राचा वरचा भागच? बरीच हुज्जत घातल्यावर गोदामात एक "शेवटचा" बल्ब निघाला. हा शेवटचा बल्ब मला याआधीही विकला गेलाय.

हट्ट हॅलोजनचाच, कारण मित्राचं एलईडी वापरून पाहिलं होतं. एकाच माणसाचा एकच डोळा, दोन्ही यंत्रांनी. हॅलोजनखाली ऑप्टिक डिस्क (डोळ्याची नस पडद्याला मिळते ती गोल जागा) छान गुलाबी-केशरी, कडा रेखीव. एलईडीच्या पांढऱ्याफटक उजेडात तीच डिस्क फिकट, नस सुकत चाललीय की काय असं वाटावं इतकी. रंगावरच निदान टेकलेलं असताना हे चालत नाही.

बाकी तक्रार नाही. साधारण पंधरापट मोठं दिसतं, पण एका वेळी जेमतेम पाच अंशांचा तुकडा. दाराच्या फटीतून वाडा बघावा तसं. डिस्क हुकली तर एखादी रक्तवाहिनी पकडायची आणि ती जाड होत जाईल त्या दिशेने सरकायचं. मॅक्युला (पडद्याचा मधला, बारीक नजरेचा भाग) शेवटी, कारण तिथे उजेड पडला की पेशंट डोळा मिटतो. उजवा डोळा आपल्या उजव्याने, डावा डाव्याने, नाहीतर नाकाला नाक लागतं. तरी गालाला गाल लागेपर्यंत जावं लागतंच, आणि समोरच्याने कुठली तंबाखू मळलीय तेही कळतं. पडद्याची कड यात दिसत नाही. त्यासाठी इनडायरेक्ट ऑप्थॅल्मोस्कोप आणि वीस डायॉप्टरची लेन्स, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी.

आता मत थोडं बदलतो. मधुमेहाच्या पेशंटमध्ये हिरवा फिल्टर लावला की पडद्यावरचे रक्ताचे ठिपके काळे होऊन उठून दिसतात, आणि तिथे मित्राचं एलईडी सरस ठरलं. माझा हॅलोजन सेल उतरले की पिवळा पडतो, त्यात हिरवी काच लावली की अंधारच. म्हणजे डिस्कला हॅलोजन, ठिपक्यांना एलईडी. दोन यंत्रं घेण्याइतकी प्रॅक्टिस माझी नाही, तेव्हा रिचार्जेबल सेल आणून भागवतोय.

घेणार असाल तर सुट्या बल्बची किंमत आधी बिलावर लिहून घ्या. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात आहे: बल्ब वगळून.