‘धरणाचा गाळ’ म्हणून गळ्यात मारलेली पायाखोदाईची माती

नाशिकच्या पाथर्डी, आडगाव, मखमलाबाद भागात नवे बंगले उठतात तिथे मे महिन्यात ट्रॅक्टरवाले फिरू लागतात. “गंगापूर धरणाचा गाळ आहे, भाजीला एक नंबर,” असं सांगून ट्रॉली खपवली जाते. माल ओतून पसरायचं कामही त्यांचेच मजूर करतात, आणि खरी मेख तिथेच असते. खाली पायाखोदाईचा मुरूम, खडी, सिमेंटचे ढेकूळ आणि वर चार बोटं काळी माती. पैसे रोख, पावती नाही. एक-दोन जोरदार पाऊस झाले की मुरूम उघडा पडतो.

मापातही मारतात. ‘दीड ब्रास’ म्हणून दिलेली ट्रॉली टेपने मोजली तर 10 × 6 × 1.5 फूट, म्हणजे 90 घनफूट निघते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. म्हणजे एक ब्राससुद्धा पुरता नाही.

दुसरा डाव पीक उगवल्यावर. सिमेंटच्या चुन्यामुळे मातीचा सामू (पीएच) चढतो, जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि टोमॅटो-वांग्याची नवी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग तोच माणूस जमीन सुधारायचं औषध म्हणून ‘जिप्सम’ची गोणी घेऊन हजर. त्यात चुनखडीची भुकटी असू शकते, म्हणजे दुखणं वाढवणारीच. चमचाभर पुडीवर व्हिनेगर टाका: फेस आला तर चुनखडी, जिप्सम फसफसत नाही. ही परीक्षा मातीला मात्र लावू नका. आपल्या काळ्या जमिनीत मुळातच चुनखडी असते, ती चांगली असली तरी फसफसू शकते.

आणि जिप्सम अस्सल असलं तरी ते सोडियम साचलेल्या चोपण जमिनीचं औषध आहे. साध्या काळ्या जमिनीत कॅल्शियम भरपूर असतं, तिथे ते टाकून काही सुधारत नाही.

गाळाचंही तेच. खरा गाळ मुरमाड, उथळ जमिनीला सोनं. पण आधीच चिकण असलेल्या काळ्या अंगणात तो टाकला तर पाणी आणखी तुंबतं. विकणारा हे कशाला सांगेल?

ट्रॉली घ्यायचीच असेल तर ओतण्याआधी फावड्याने तळापर्यंत दोन-तीन ठिकाणी उकरून बघा, स्वतः टेप लावा, आणि पसरायचं काम त्यांच्याकडे देऊ नका.

काळ्या अंगणाला खरं लागतं ते कुजलेलं खत. 100 चौरस फुटांवर दोन इंचांचा थर द्यायला 16-17 घनफूट पुरतं. वाफसा आल्यावर, म्हणजे माती ना ओलीचिंब ना कोरडी असताना, ते वरच्या सहा-आठ इंचांत मिसळा; ओल्यात कुदळ मारली तर ढेकळं दगडासारखी वाळतात. मग तीन फूट रुंद, आठ-नऊ इंच उंच गादीवाफे करा. थोडीशी वाळू मिसळायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. चिकणमातीत ती गच्च बसते.

गोणी विकत घेण्याआधी माती तपासून घ्या. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे खड्डे करून 15-20 सेंटिमीटरपर्यंतची माती काढा, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. अहवालात सामू 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त आलं, तरच जिप्समचा विचार करायचा.