पन्नाशीच्या माणसाला पद्मिनी झेपते का?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात अजून प्रीमियर पद्मिनी ही जुनी गाडी चालवणाऱ्यांसाठी. १०८९ सीसीचं इंजिन गोड आहे, पण सकाळी मालकाच्या गुडघ्यांसारखंच चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी मूठ) ओढल्याशिवाय हलत नाही. गरम झालं की चोक लगेच आत ढकला, नाहीतर स्पार्क प्लग काळे पडतात. खरी परीक्षा वडोदऱ्याच्या मे महिन्यात: इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी ऐन सिग्नलला बंद. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाका, दहाएक मिनिटं थांबा. सेल्फ मारत बसलात तर बॅटरीही बसेल. स्टीअरिंगजवळचा गिअर अडकतोय? आधी लिंकेजचे (दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्यांचे) बुश बघा, मेकॅनिकला थेट गिअरबॉक्स उघडू देऊ नका. पॉवर स्टीअरिंग नाही, त्यामुळे पार्किंग झालं की खांद्याला बाम. हॉर्न मात्र झकास.