ग्रॅज्युएशनचे मार्क कमी आहेत, मग फायनान्सचं मास्टर्स नेमकं कुठलं घ्यायचं?

मार्क कमी म्हणजे कशात कमी, हे आधी बघा. पहिल्या दोन वर्षांत आपटून शेवटच्या वर्षी वर आलेली मार्कशीट आणि दरवर्षी घसरत गेलेली मार्कशीट, दोन्हींची टक्केवारी एकच असू शकते पण अ‍ॅडमिशनवाले त्या सारख्या वाचत नाहीत. आणि गडबड कॅल्क्युलस-स्टॅटिस्टिक्समध्ये झालीय की बाकीच्या विषयांत, यावर तर पुढचं सगळंच बदलतं.

रस्ते साधारण चार आहेत: साधं फायनान्स मास्टर्स, क्वांटवालं म्हणजे गणित-कोडिंगवर उभं असलेलं फायनान्शियल इंजिनिअरिंग, काही वर्षं नोकरी करून मग मास्टर्स किंवा एमबीए, आणि डिग्रीच्या नादाला न लागता सीएफए, म्हणजे गुंतवणूक क्षेत्रातली तीन टप्प्यांची व्यावसायिक परीक्षा. बहुतेक लोक अडकतात ते पहिल्या दोघांत, म्हणून त्यावरच जास्त लिहितोय.

साधं की क्वांट

साध्या कोर्समध्ये अकाउंटिंग, व्हॅल्युएशन, कॉर्पोरेट फायनान्स, पोर्टफोलिओ असं असतं. क्वांटमध्ये स्टोकास्टिक कॅल्क्युलस (अनिश्चित चढउतारांचं गणित), न्यूमेरिकल मेथड्स आणि भरपूर कोडिंग. साध्या कोर्सवाले एकूण आकडा बघतात, तो पडका असेल तर जीमॅट या प्रवेश परीक्षेतला चांगला स्कोअर आणि एखादी खरीखुरी इंटर्नशिप यांनी बऱ्यापैकी सावरता येतं. (जीमॅट आता २०५ ते ८०५ मध्ये मोजतात, जुन्या ८०० वाल्या स्कोअरशी तुलना करत बसू नका.) क्वांटवाले मात्र थेट गणिताच्या ओळी शोधतात, त्यामुळे एकूण जीपीए (ग्रेडची सरासरी) लंगडा पण लिनिअर अल्जेब्रा आणि प्रोबॅबिलिटीत चांगले ग्रेड असं असेल तर नाव मोठं वाटणारा क्वांट कोर्सच उलट जास्त जवळचा असू शकतो. फक्त अमेरिकेतल्या प्रिन्स्टन, बरूक, कार्नेगी मेलन असल्या ठिकाणी शेजारी फिजिक्स आणि इंजिनिअरिंगचे टॉपर अर्ज करत असतात, एवढं ध्यानात ठेवा.

आणि गणितातच मार खाल्ला असेल तर? जीआरई या प्रवेश परीक्षेच्या गणिताच्या भागात (क्वांट) १७० पैकी १७० आणले की झालं असं बरेच जण धरून चालतात, पण त्या परीक्षेतलं गणित शाळेच्या पातळीचं आहे, कॅल्क्युलस त्यात येतच नाही, मग कॅल्क्युलसचा वाईट ग्रेड त्याने कसा पुसला जाणार. त्यापेक्षा तोच विषय पुन्हा, ग्रेड मिळेल अशा ठिकाणी करा. बरूकचे प्री-एमएफई, म्हणजे क्वांट मास्टर्सच्या आधी करायचे, गणिताचे कोर्स आहेत, एमआयटीचा फायनान्समधला मायक्रोमास्टर्स (ऑनलाइन कोर्सचा संच) आहे. नुसती हजेरीची सर्टिफिकेटं गोळा करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही, परीक्षा देऊन मिळालेला ग्रेड हवा.

कोर्स किती महिन्यांचा आहे

रँकिंगवर सगळे भांडतात आणि याकडे कुणी बघत नाही, पण कमी मार्कवाल्यासाठी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. ब्रिटनमधले बरेच एमएससी नऊ ते बारा महिन्यांत संपतात. सप्टेंबरच्या शेवटी वर्ग सुरू होतो आणि मोठ्या बँकांचे नोकरीचे अर्ज तोवर उघडलेले असतात, म्हणजे तुम्ही अर्ज भरताना नवीन कोर्सचा एकही मार्क हातात नसतो आणि फॉर्मवर परत तेच जुने ग्रॅज्युएशनचे मार्क. ज्या डागापासून पळायला पैसे भरले तो डाग तिथेच. मध्ये उन्हाळ्याची इंटर्नशिपही होत नाही. याउलट कार्नेगी मेलनचा क्वांट कोर्स १६ महिन्यांचा, एमआयटीच्या मास्टर ऑफ फायनान्सला १२ आणि १८ महिने असे दोन्ही पर्याय. लांब कोर्समध्ये पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड येतात, मग इंटर्नशिप होते आणि पक्क्या नोकरीसाठी मुलाखतीला बसता तेव्हा सांगायला नवीन काहीतरी असतं. खर्च वाढतो हे खरं, राहण्याखाण्याचा तर नक्कीच. पण जुनी मार्कशीट चांगली असलेल्याला छोटा कोर्स परवडतो, तुम्हाला तो महागात पडू शकतो.

गाळणी किती कडक

ब्रिटनमध्ये नावाजलेल्या ठिकाणी अप्पर सेकंड, म्हणजे त्यांच्या हिशोबात ६० टक्क्यांच्या पुढे, ही अट असते आणि बाहेरच्या मार्कांसाठी प्रत्येक युनिव्हर्सिटीचा स्वतःचा तक्ता असतो, तो आधी उघडून बघा नाहीतर अर्जाची फी फुकट. लोअर सेकंडवर, म्हणजे त्याखालच्या श्रेणीवर, घेणारी ठिकाणंही आहेत, पण बँकांच्या ग्रॅज्युएट स्कीमवालेही कित्येकदा अप्पर सेकंडच मागतात, त्यामुळे नुसती अ‍ॅडमिशन मिळून प्रश्न सुटत नाही. अमेरिकेत ४ पैकी ३.० जीपीएची रेष बऱ्याच ठिकाणी आहे, तरी विभागाला उमेदवार पटला तर अपवाद करून घेतात, एकंदरीत तिकडे समजावून सांगायला जागा जास्त. समजावणं म्हणजे चार ओळी: काय झालं, आता काय बदललं, त्याचा पुरावा काय. रडगाणं नको.

नोकरी आधी

अनुभव वाढतो तसं जुन्या मार्कांचं वजन उतरतं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. लंडन बिझनेस स्कूलमध्येच बघा, फ्रेशरसाठी मास्टर्स इन फायनान्शियल अ‍ॅनालिसिस वेगळं आणि अनुभवी लोकांसाठी मास्टर्स इन फायनान्स वेगळं. अट एकच की नोकरी फायनान्सच्या जवळपासची हवी, नाहीतर तीन वर्षांनी पुन्हा तिथेच.

सीएफए

इथे मार्कशीट कुणी मागत नाही. डिग्री संपायच्या २३ महिने आधीपासून लेव्हल वन देता येते, १८० प्रश्न, साडेचार तास. तीन लेव्हल, शिवाय चार्टरसाठी (सीएफए ही पदवी नावापुढे लावण्यासाठी) ४००० तासांचा संबंधित अनुभव, तोही कमीत कमी ३६ महिन्यांत पसरलेला. कॅम्पस प्लेसमेंट नाही, वर्गमित्र नाहीत, सगळं आपलं आपण. पण साध्या फायनान्स कोर्सला अर्ज करायच्या आधी लेव्हल वन पास असाल तर 'हा अभ्यास झेपेल का' या शंकेला त्याहून स्वस्त उत्तर मला माहीत नाही. क्वांटवाल्यांवर मात्र याची फारशी छाप पडत नाही, त्यात तेवढं गणितच नाही. क्वांट हवंय पण पैसेच नाहीत अशांसाठी वर्ल्डक्वांट युनिव्हर्सिटीचं फायनान्शियल इंजिनिअरिंग मास्टर्स आहे, पूर्ण ऑनलाइन, ट्यूशन फी नाही. शिकायला मिळेल, कॅम्पसवरच्या मुलाखती मिळणार नाहीत.

आता एक अडचण. कमी मार्कांवर पटकन हो म्हणणारे कोर्स मिळतातच, आणि त्यांच्या ब्रोशरवर '९५ टक्के प्लेसमेंट' असलं काहीतरी असतं. डिपॉझिट भरायच्या आधी मेल करून विचारा की हे टक्के कितीपैकी, वर्गातल्या सगळ्यांपैकी की माहिती कळवणाऱ्यांपैकी, 'नोकरी शोधत नव्हते' म्हणून किती जण वगळले, आणि बाहेरच्या देशातून आलेल्यांचा आकडा वेगळा देता का. उत्तर गोलमोल आलं तर त्या पैशात सीएफएची फी भरा आणि पुढच्या वर्षी जास्त महिन्यांच्या कोर्सला अर्ज करा.