कॅमोमाइल: खान्देशातल्या अंगणात जर्मन लावावं की रोमन?

कॅमोमाइल म्हणजे ज्याच्या वाळवलेल्या फुलांचा चहा करतात ते झाड. त्याचं बी घ्यायला गेलं की दोन पाकिटं समोर येतात, जर्मन आणि रोमन. फुलं दोन्हींची जवळपास सारखीच: पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळा गड्डा. झाडं मात्र वेगळी, आणि जळगाव-भुसावळकडे हा फरक एप्रिलात कळतो.

रोमन बारमाही. जमिनीलगत हिरवळीसारखं पसरतं, म्हणून मोह होतो. पण ते सौम्य उन्हाळ्याच्या मुलखातलं. पारा 44-45 वर गेला की हिरवी नेट बांधा, दोन वेळा पाणी द्या, ते करपणारच. तोरणमाळसारख्या थंड हवेच्या ठिकाणी घर असेल तर लावून बघा. बाकीच्यांनी पैसे वाचवावेत.

जर्मन हंगामी आहे आणि तेच आपल्या पथ्यावर पडतं. हरभऱ्याच्या वेळी पेरायचं, होळीच्या सुमारास आवरायचं. बी धुळीइतकं बारीक. वाळूत मिसळून ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं. उगवायला उजेड लागतो. पहिल्या वर्षी मी मेथीसारखं मातीआड केलं आणि महिनाभर रिकाम्या कुंडीला पाणी घातलं! नुसती काळी माती नको, पाणी धरून ठेवते. निम्मी वाळू घाला. शेणखत बेतानं, नाहीतर पाला माजतो आणि फुलं रुसतात. दोन-अडीच महिन्यांत झाड दीड-दोन फूट होऊन फुलतं. चार झाडं तशीच सुकू दिली की पुढच्या वर्षीचं बी घरचं.

पाकिटातून नक्की काय आलं याची शंका असेल तर फूल उभं चिरा. जर्मनचा गड्डा पोकळ, रोमनचा भरीव.

चवीतही जर्मनच सरस: गोडसर, सफरचंदाच्या वासाचं. रोमन कडवट. फुलं सावलीत वाळवा. दोन चमचे फुलांवर कपभर उकळतं पाणी ओतून पाच-सात मिनिटं झाकून ठेवा; उघडं ठेवलं तर वास उडतो. दूध घालू नका. थंडीतल्या भरीत पार्टीनंतर हा कप बरा वाटतो.

शेजारच्या मावशींनी माझा वाफा बघून विचारलं होतं, "हाई गाजरगवत शे का?" हसण्यावारी नेऊ नका, कूळ एकच आहे. गाजरगवतानं किंवा शेवंतीनं अंग खाजत असेल तर दोन्ही कॅमोमाइल टाळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि चहाला नुसता हिरवा वास हवा असेल तर दोन्ही पाकिटं राहू द्या. कुणाकडून तरी गवती चहाचा एक ठोंब आणा. पाणी मिळालं की तो मे महिनाही काढतो.