स्मार्ट थर्मोस्टॅट: हिवाळा-उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव
स्मार्ट थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं हीटिंग-कूलिंग सांभाळणारं आणि फोनवरून चालवता येणारं भिंतीवरचं यंत्र, घ्यायचा असेल तर मॉडेलं बघत बसण्याआधी जुन्या थर्मोस्टॅटचं झाकण काढून आत कोणत्या वायर आहेत ते बघा. पूर्ण हिवाळा आणि उन्हाळा वापरल्यावर माझं हे ठाम मत झालंय. ॲप वगैरे सगळ्यांचीच बरी असतात, खरा प्रश्न भिंतीत असतो.

आत जाड वायर आणि १२० किंवा २४० व्होल्टचा इशारा दिसला तर तिथेच थांबा. हे थर्मोस्टॅट बहुतेक २४ व्होल्टचे असतात. बारीक वायरींपैकी आर म्हणजे वीज आणणारी, डब्ल्यू हीटिंगची, वाय कूलिंगची, जी पंख्याची. रंगावर जाऊ नका, ती कोणत्या अक्षराच्या स्क्रूला आहे ते बघा आणि फोटो काढून ठेवा. महत्त्वाची ती सी, म्हणजे कॉमन, विजेची परतीची वायर. वायफाय आणि स्क्रीनला सतत वीज लागते. सी नसेल तर काही मॉडेलं हीटिंग-कूलिंगच्या वायरींतूनच थोडी थोडी वीज ओढतात. कुठे ते निभावतं, कुठे ऐन थंडीत बॅटरी उतरते किंवा रिले (चालू-बंद करणारा आतला स्विच) उगाच टकटक करत राहतो. आमच्या भिंतीत एक निळी वायर न जोडता गुंडाळून ठेवलेली होती. ती फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या यंत्राच्या) बोर्डावर सीला जोडली आणि तेव्हापासून वीज कमी पडल्याची तक्रार नाही. अशी वायर नसेल तर ॲडॉप्टर मिळतो. मात्र काम करताना फर्नेसची वीज बंदच हवी. आर आणि सी चिकटल्या तर बोर्डाचा फ्यूज उडतो.

वायरींच्या भोकातून गार झुळूक येत होती. ती थेट सेन्सरवर लागते आणि आकडा चुकतो, म्हणून भोक पुट्टीने बुजवलं. पाच मिनिटांचं काम, पण अगदी गरजेचं.

सेटअपमध्ये अडायला झालं ते वायफायपाशी: आमच्या मॉडेलला २.४ गिगाहर्ट्झचंच नेटवर्क लागतं. आपोआप सवयी शिकण्याची सोय मी बंद केली, कारण सुट्टीच्या दिवसांत ती भलतंच शिकते. साधं वेळापत्रक जास्त भरवशाचं. बेडरूममध्ये ठेवलेल्या जादा सेन्सरने मात्र रात्रीची झोप सुधारली, कारण पॅसेजमधलं तापमान आणि खोलीतलं तापमान यांत खूपच फरक होता. कूलिंग बंद करून लगेच चालू केलं तर काही मिनिटं काहीच होत नाही. तो बिघाड नाही, कॉम्प्रेसर जपण्यासाठी तसं ठेवलेलं असतं.

बचतीबद्दल: एनर्जी स्टार या अमेरिकन सरकारच्या ऊर्जाबचत कार्यक्रमाचा बचतीचा सरासरी अंदाज हीटिंग-कूलिंगच्या खर्चाच्या सुमारे ८ टक्के आहे. आमचंही बिल उतरलं, पण ते मुख्यतः रात्री आणि घर रिकामं असताना हिवाळ्यात तापमान खाली ठेवल्यामुळे. दिवसभर घरात माणसं असतील तर फार अपेक्षा ठेवू नका. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं यंत्र) असेल तर हिवाळ्यात रात्री तापमान फार उतरवू नका. सकाळी ते भरून काढायला ऑक्झिलरी हीट, म्हणजे जास्त खर्चाचं पूरक हीटिंग, चालू होते आणि रात्रभर वाचवलेलं तिथेच जातं.