साठच्या दशकाचा थाट, आजच्या बाजारातल्या सामानातून: सोलापुरात काय घ्यावं, काय सोडावं

कॉलेजचा रेट्रो डे असो, लग्नाआधीचं फोटोशूट असो की भिशीच्या बायकांनी ठरवलेली जुन्या जमान्याची थीम, खरेदीची सुरुवात ठरलेली. आधी मोत्यांची माळ, मग आयलायनर, मग मोठा काळा गॉगल. ब्लाऊज मात्र कपाटातलाच, मागच्या दिवाळीला शिवलेला. फसतं ते इथेच. जुन्या फोटोतली बाई जुन्या काळातली वाटते ती ब्लाऊजच्या बेतामुळे आणि केसांच्या उंचीमुळे. दागिने आणि लिपस्टिक त्यानंतर. म्हणून दोन हजार खर्चायचे असतील तर पाचशे-सातशे आधी ब्लाऊजकडे जाऊ द्यावेत. हा आढावाही त्याच क्रमाने आहे. भाव ढोबळ आहेत, दुकानागणिक आणि घासाघिशीगणिक बदलतील.

तयार ताणाचे ब्लाऊज सध्या नवी पेठेत ढिगाने मिळतात, तीनशे-चारशेत. रोजच्या वापराला उत्तम, या कामाला निरुपयोगी. लायक्राचं कापड अंगावर ताणून बसतं, त्याला टक्सची, म्हणजे आकारासाठी दुमडून घातलेल्या टोकदार शिवणींची, गरज नसते, त्यामुळे छातीची रेषा गोल आणि सपाट दिसते. साठच्या दशकातला ब्लाऊज न ताणणाऱ्या कापडाचा, टक्स घेऊन आकार दिलेला. ती टोकदार रेषा हीच त्या काळाची ओळख. तेव्हा टेलरला प्रिन्सेस कट (टक्सऐवजी लांब उभ्या शिवणींचा) सांगू नये, तो फार गुळगुळीत बसतो. ‘फोर टक्स’ सांगावा, किंवा हात बसलेला टेलर असेल तर कटोरी, म्हणजे छातीला वाटीसारखा वेगळा तुकडा जोडलेला ब्लाऊज.

कापड टू बाय टू रुबिया. छत्तीस-अडतीस मापापर्यंत कोपरापर्यंतच्या बाहीला एक मीटर पुरतं, फुग्याची बाही हवी असेल तर सव्वा मीटर घ्यावं. अस्तर सुतीच. आणि दोन्ही कापडं शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, इस्त्री करून द्यावीत. हे टाळलं की पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड तेवढंच राहतं आणि टक्सच्या टोकाशी चुण्या पडतात. मग दोष टेलरच्या माथी बसतो, जो बिचाऱ्याचा नसतो.

माप देताना तीन गोष्टी तोंडाने सांगाव्या लागतात, नाहीतर टेलर आजच्या सवयीने शिवतो. पहिली म्हणजे मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) उंच आणि बेताचा हवा. मुंढा खाली गेला की हात वर केल्यावर अख्खा ब्लाऊज वर सरकतो. काखेजवळ बसणारा मुंढा असला की फक्त हात हलतो. दुसरी, बाही दंडाच्या मध्यावर किंवा कोपराच्या दोन इंच वर संपावी आणि दंडघेरात जेमतेम एक इंच सैलपणा असावा. तिसरी गळ्याची. बोट नेकला पुढून तीन-साडेतीन इंच खोली पुष्कळ झाली. हा गळा बहुतेक वेळा पुढून उघडा पडतो, कारण खांद्याचा उतार मापात धरलेला नसतो. ट्रायलला गळ्याच्या कडेपाशी खांद्याच्या शिवणीत पाव ते अर्धा इंच दाबून घेतला की तो बसतो. ट्रायल न देणारा टेलर या कामापुरता टाळा. दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत इंचभर माया (जास्तीचं कापड) मात्र मागून घ्यावी, म्हणजे हाच ब्लाऊज पुढची पाच वर्षं वापरता येतो. अस्तरासकट शिलाई तीनशे ते पाचशे, कापड-अस्तर दोनशेच्या आत. एकूण खरेदीत पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते याच वस्तूत.

चाळीसच्या दशकातला फुग्याचा ब्लाऊज हवा असेल तर एक सावधगिरी. फुगा उभा राहावा म्हणून बरेच टेलर बाहीत बकरम, म्हणजे ताठ कापड, घालतात आणि खांद्यावर पुठ्ठ्याचे डबे बसवल्यासारखं दिसतं. बाहीच्या माथ्याला आतून दोन इंच रुंदीची ऑर्गंडीची (पातळ पण कडक कापडाची) चुणीदार पट्टी लावायला सांगावी. फुगा राहतो, पण श्वास घेतो.

साडीत दोन वाटा आहेत. साठच्या दशकासाठी जॉर्जेट, बारीक फुलांची किंवा ठिपक्यांची. चाटी गल्लीत चारशे-सहाशेत पॉलिस्टर जॉर्जेट सहज मिळते आणि अंतरावरून, फोटोत, त्या काळच्या नायलॉनपेक्षा फारशी वेगळी दिसत नाही. दुकानात एक परीक्षा करावी: पदराकडचा भाग मुठीत पाच सेकंद दाबून सोडावा. लगेच सरळ होऊन खाली पडला तर साडी अंगालगत बसेल, ताठ राहिला तर निऱ्या फुलतील आणि कमरेची रेषा जाईल. टिकल्या-कुंदनांचे काठ असलेली साडी बाजूलाच ठेवावी, कितीही स्वस्त असली तरी.

या साडीखाली आजचा शेपवेअर परकर चांगला चालतो. आधुनिक वस्तूंपैकी सरळ शिफारस करावी अशी ही एक. त्या काळी साडी कमरेभोवती घट्ट नेसत, आणि सहा कळ्यांच्या सुती परकरावर तसा घट्टपणा आणायला जो हात लागतो तो आज फार थोड्यांकडे आहे. फक्त एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार असताना, तो परकर तीन तासांपेक्षा जास्त अंगावर ठेवू नये; लायक्रात घाम अडकतो आणि कमरेला पुरळ येतं. मापही एक नंबर मोठंच घ्यावं, चालताना गुडघ्यात अडखळायला होत नाही.

चाळीसच्या दशकाला इरकल आणि खणाचा ब्लाऊज. सोलापूर इथे नशीबवान आहे, कारण दोन्ही रोजच्या बाजारातल्या वस्तू आहेत, बुटीकमधल्या नव्हेत. अडचण दुसरीच. नव्या सुती साडीला खळ इतकी असते की ती अंगापासून हातभर लांब उभी राहते. गार पाण्यात दोनदा बुडवून, सावलीत वाळवून, मगच नेसावी. त्याआधी लाल पदराचा एक कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालाने चोळून बघावा. रुमाल गुलाबी झाला तर साडी भिजवू नका, नुसती इस्त्री करा. खणाचा पन्हा अरुंद असतो, त्यामुळे मीटरचा हिशेब दुकानदाराला बाहीची लांबी सांगून करून घ्यावा.

नेसण्यातली एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ‘पाचवारी’ या नावातले पाच वार म्हणजे साडेचार मीटरपेक्षा जरा जास्त. आजची साडी साडेपाच मीटर, म्हणजे सहा वार. हा जास्तीचा वार निऱ्यांत भरला की समोर आठ-नऊ निऱ्यांचा गठ्ठा होतो आणि साडी आजची दिसते. पाच निऱ्या पुरेत, प्रत्येकी चार-साडेचार बोटं रुंद. उरलेलं कापड पदरात सोडावं, तो मागे गुडघ्याखाली गेला तरी चालतो. नाहीतर डाव्या बाजूला एक दुमड घालून खोचावं. पदराला खांद्यावर एकच पिन. मॅचिंग ब्रोच लावला की सगळं केलेलं वाया.

आता केस, म्हणजे सगळ्यात जास्त बिघडणारा भाग. उंच पफसाठी, म्हणजे टाळूवर फुगवलेल्या केसांसाठी, केस आदल्या दिवशी धुवावेत, त्याच दिवशी नव्हे, आणि मुळांना कंडिशनर किंवा सीरम अजिबात नको. सीरममधल्या सिलिकॉनमुळे केसावर केस ठरत नाही. उलटा कंगवा केला तरी तासाभरात पफ बसतो. हे समजून न घेता लोक स्प्रेला दोष देतात. टाळूवरचा भाग घेऊन त्याच्या इंचभर जाडीच्या तीन-चार बटा कराव्यात. प्रत्येक बट सरळ वर धरून, मुळापासून तीन इंचांवर कंगवा टेकवून, मुळाकडे दाबत आणावा. चार-पाचदा, एकाच दिशेने. वर-खाली घासलं की गाठी होतात. सगळ्यात पुढची बट तशीच सोडायची, ती मागे घेऊन खालचा गुंता झाकायचा. स्प्रे वीत-दीड वीत अंतरावरून. जवळून मारला तर केस ओले होऊन बसतात. शेपटीचा कंगवा पन्नास रुपयांत मिळतो, त्याचे दात बारीक आणि जवळजवळ असावेत. एवढी एकच अट.

कोरड्या हवेचा इथे फायदा होतो. मुंबईच्या दमट हवेत जो पफ दुपारपर्यंत कोसळतो तो सोलापुरात संध्याकाळपर्यंत उभा राहतो. बिघडतं ते कपाळाच्या कडेला, घामाने. तिथे कापसाने थोडी टाल्कम पावडर टेकवावी.

डोक्यात घालायचे स्पंजचे पफ तीस-चाळीस रुपयांना मिळतात. दाट केस असतील तर जरूर घ्यावेत, उलटा कंगवा निम्म्यावर येतो. विरळ केसांत स्पंज डोकावतो, विशेषतः फ्लॅशमध्ये. लहान आकाराचा घ्यावा आणि कपाळाच्या केसांपासून तीन बोटं मागे बसवावा. फार पुढे आणला की डोकं लांबट दिसतं. आंबाड्याच्या डोनटचं तेच: मोठा नको, मधला. पूर्वी बायका आंबाड्यात गंगावन घालत, आणि तेच आज जास्त खरं दिसतं. बाजारातलं स्वस्त गंगावन कृत्रिम धाग्याचं असतं आणि प्लास्टिकसारखं चकाकतं. त्यावर पावडर चोळून झटकली की चमक मरते. त्याला गरम इस्त्री किंवा कर्लर लावू नका, धागा वितळून कर्लरला चिकटतो.

साधना कट, म्हणजे 1960 पासून अभिनेत्रीच्या नावाने ओळखली जाणारी कपाळावरची झालर, खरे केस न कापता हवी असेल तर चापाची झालर दोन-अडीचशेत मिळते. चालण्यासारखी वस्तू आहे, पण जशी येते तशी नाही. तिला दोन्ही बाजूंनी लांब बटा सोडलेल्या असतात, ती आजची फॅशन. त्या कापून कडा भुवयांच्या वर आणाव्यात. डोक्यावर लावून, आरशात बघत, एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच. खरे केस कापणार असाल तर कोरडे असताना कापा. ओले केस वाळल्यावर वर चढतात आणि झालर अर्ध्या कपाळावर जाते. मग गंगावनही कामाला येत नाही.

चेहऱ्याला आपल्याकडे ‘स्नो-पावडर’ म्हणायचे ते उगाच नाही. स्नो म्हणजे त्वचेत जिरून कोरडी, बिनचकाकीची पृष्ठभूमी सोडणारी क्रीम. अफगाण स्नो हे त्यातलं जुनं देशी नाव, आणि लॅक्मे आली ती 1952 मध्ये. ती बिनचकाकीची त्वचा आज मॅट मॉइश्चरायझर आणि कॉम्पॅक्टने होते. ग्लो देणारं काहीही, हायलायटर असो की ड्यूई फाउंडेशन, या लूकमध्ये बसत नाही. पांढरट सिलिका पावडरही टाळा, फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांखाली चुना सांडल्यासारखी दिसते.

आयलायनरमध्ये पेनपेक्षा ब्रशवाली बाटली सरस, आणि स्वस्तही. पेनाचं टोक चार-सहा वापरांत फाटतं, मग रेघ जाड येते. बाटलीच्या लायनरची उणीव म्हणजे चमक. रेघ वाळली की त्यावर काळी आयशॅडो बारीक ब्रशने टेकवायची, म्हणजे ती मॅट होते आणि पसरतही नाही. शेपूट डोळा उघडा ठेवून, समोर बघत आखावी. खालच्या पापणीच्या रेषेतून भुवईच्या टोकाकडे जाणारी, पाच-सहा मिलिमीटर. डोळा मिटून आखली तर उघडल्यावर मोडलेली दिसते. खालच्या पापणीला काजळ भरू नका. उन्हात काजळातलं मेण मऊ होतं आणि दोन तासांत सगळं गालावर येतं.

लिपस्टिक लिक्विड मॅट नको, कांडीची क्रीम घ्या: साठसाठी फिकट गुलाबी किंवा कोरल, चाळीससाठी गडद लाल. एक हात, टिश्यू, पावडर, परत एक हात.

टिकलीवर मात्र दोन वाक्यं जास्त. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं आणि त्याने कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. खाज आली की टिकली लगेच काढायची, सहन करत बसायचं नाही. चाळीसच्या लूकला तसंही मेणावरचं कुंकूच शोभतं: मेणाचा ठिपका, वर कोरडं कुंकू बोटाने दाबून, कडा ओल्या कापसाच्या काडीने गोल करून.

दागिन्यांत मोत्याच्या कुड्या, एकपदरी माळ, काचेच्या बांगड्या. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर हे सगळं सहज जमतं. फार पांढरे, एकसारखे मोती नकोत, किंचित पिवळसर बघा. बाकी काही नाही.

रात्री पफ सोडवताना वरून कंगवा घालू नये. आधी पिना, मग बोटांनी तेल किंवा भरपूर कंडिशनर गुंत्यात मुरवायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि टोकांपासून मुळाकडे चढत जायचं, एका वेळी एक बट. धुतल्यावर जुना, वापरून मऊ झालेला टर्किश टॉवेल गुंडाळावा. नव्या सोलापुरी टॉवेलच्या उभ्या फाशांत सुटलेले केस अडकतात.